दुकान वाढव

॥ श्री ॥
एडिसन,
२० जुलै २०२२

चि. सौ. सुमेधा हिस,
अ. उ. आ.

परवा फोनवर मी जे सांगितलं त्यातलं तुला निम्मं कळलं असेल, आणि तू जे बोललीस त्यातलं मला पाव ऐकू आलं. डाव्या कानाने आता राजीनामाच दिलाय. तेव्हा यापुढे महत्त्वाचं जे असेल ते आपण पूर्वीसारखं पत्रात लिहीत जाऊ. चारुताला ही कल्पना फारच आवडली. मी फोनवर ओरडायला लागले की वरच्या मजल्यावर तिची मीटिंग बिघडते, पण सून म्हणून बिचारी बोलत नव्हती.

तर बातमी खरी आहे. आपल्या विनयच्या अनीशला बेसबॉलच्या ड्राफ्टमध्ये निवडलं. देशभरातली कॉलेजची मुलं मोठे क्लब आळीपाळीने उचलतात, तसं याला आठव्या फेरीत उचललं. आम्ही सोमवारी दुपारपासून लॅपटॉपसमोर बसलो होतो. विनय दर पाच मिनिटांनी पाणी प्यायला उठत होता. अनीश गॅरेजमध्ये जाऊन बसला होता, कारण आमच्या तिघांची तोंडं त्याला बघवत नव्हती. आणि नाव पुकारलं तेव्हा कुणाला पत्ताच लागला नाही, कारण पुकारणाऱ्याने लोखंडेचं 'लो कँडी' करून टाकलं. मी म्हटलं, हा कोण बिचारा कँडी. चारुता रडायला लागली तेव्हा समजलं, की बिचारा आपलाच आहे.

तू विचारशील, हा तिथे नक्की करतो काय. मैदानाच्या मागच्या भागात तिघे उभे असतात त्यांना आउटफिल्डर म्हणतात. आपला त्यातला मधला. उंच उडालेला चेंडू जमिनीला लागू द्यायचा नाही हे त्याचं मुख्य काम, आणि मधूनमधून बॅट घेऊन मारायचंही. लहानपणी मी पोळ्या करत असले की हा कणकेचे गोळे छतापर्यंत उडवून झेलायचा आणि मी लाटणं घेऊन मागे लागायचे. त्या शिक्षणाचा त्याला उपयोग झाला असं आता म्हणायला हरकत नाही.

इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष मात्र राहिलं. विनयचा जीव त्यात अडकलाय. दोन दिवस घरात नुसती चर्चा चालली होती. मेजर लीग म्हणजे टीव्हीवर दिसते ती, सगळ्यात वरची. तिच्याखाली एकावर एक छोट्या लीगच्या पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर पोरं गळतात, वरपर्यंत पोचणारे थोडेच. शेवटी ठरलं, की त्याने जावं आणि डिग्री नंतर पुरी करावी. मी कुणाच्याच बाजूने बोलले नाही. मला फक्त आनंद झाला होता, आणि तो लपवायचं माझं वय राहिलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात तो तुमच्याकडे ॲरिझोनात येतोय. क्लबचं नवख्यांचं शिबिर चँडलरपासून अर्ध्या तासावर आहे. रिटायर झाल्यावर वेळ कसा घालवू म्हणून चंद्रशेखरराव विचारत होते ना, त्यांना सांग, काम पाठवलंय.

इकडून लोभ भरपूर आहे, तिकडूनही हात आखडू नये.

तुझी,
शैलजाताई


चँडलर,
२१ ऑगस्ट २०२२

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा नातू पोचला, जेवला, झोपला आणि उठून पुन्हा जेवला. शनिवार-रविवारी आमच्याकडे येतो. मला चँडलरआजी म्हणतो, म्हणजे एडिसनच्या आजीचा हक्क कुठे कमी व्हायला नको. मराठी गोड बोलतो गं, पण सगळं शब्दशः घेतो. मी म्हटलं, लाजू नको, जेवणावर आडवा हात मार. तर त्याने ताटावर हात खरंच आडवा धरला आणि आता पुढे काय करायचं म्हणून माझ्याकडे बघत बसला. चंद्रशेखरना ठसका लागला.

नवख्यांच्या सामन्यांना इथे प्रेक्षक नसतात. या उन्हात कोण येणार. परवा आम्ही दोघं, एका पोराची आई आणि सावली बघून झोपलेला एक कुत्रा, एवढीच काय ती गर्दी. मी खुशाल छत्री उघडून बसले, मागून तक्रार करायला कुणी नव्हतंच.

पण ताई, याला खेळताना बघणं म्हणजे गंमत आहे. बॅटचा आवाज आला की सगळं मैदान चेंडूकडे बघतं. हा बघतच नाही. पाठ फिरवून पळत सुटतो, आणि जिथे जाऊन थांबतो तिथे चेंडू आपण होऊन येतो. मी विचारलं, तुला कसं कळतं. म्हणाला, आवाजावरून. लाकडावर चेंडू कुठे बसला ते आवाजातच असतं म्हणे. हा गुण तुझ्या कानांकडून आलेला नाही एवढं नक्की.

आमचे चंद्रशेखर आयुष्यभर चिपमधले दोष शोधत होते, आता अनीशच्या खेळातले शोधतात. त्यांचं मत असं, की मुलगा एकाच दिशेला मारतो आणि एकाच जागी उभा राहतो, वर जायचं तर एवढ्यावर भागणार नाही. हे त्याला त्यांनी तोंडावर सांगितलं. तो हसून हो म्हणाला आणि तिसरं थालीपीठ घेतलं. ऐकलं असं काही मला वाटत नाही.

तब्येतीला जप. कानाच्या डॉक्टरकडे जायचं पुढे ढकलू नकोस. आमच्यावर माया आहे ती ठेव, वर थोडी घातलीस तरी नको म्हणणार नाही.

तुझी,
सुमेधा


॥ श्री ॥
एडिसन,
१४ जुलै २०२४

चि. सौ. सुमेधा हिस,
अ. उ. आ.

दोन वर्षांत तुला किती आनंदाची पत्रं लिहिली. एक पायरी चढला, दुसरी चढला, अलाबामात डबल-ए नावाच्या पायरीपर्यंत गेला. आजचं पत्र तसं नाही.

एप्रिलमध्ये त्याच्या मनगटाजवळचं हाड मोडलं ते तुला ठाऊकच आहे. डॉक्टरांनी ते काढूनच टाकलं. जूनमध्ये तो परत मैदानात उतरला, पण हातातलं बळ जणू त्या हाडाबरोबर गेलं. या खेळात चांगला बॅटरसुद्धा दहातून सात वेळा बाद होतो, एवढं मी आता शिकलेय. आपला नऊ वेळा होतोय. गेल्या आठवड्यात मॅनेजरने बोलावलं आणि सांगितलं, की मधली जागा दुसऱ्या मुलाला देतोय, तुला बाकावर बसावं लागेल. राहायचं की घरी जायचं, ते तू ठरव.

त्याने मला फोन केला. आईबापाला नाही, मला. इंग्रजीत पुष्कळ बोलला, त्यातलं थोडंच ऐकू आलं. शेवटी मराठीत विचारलं, आजी, मी काय करू. आवाज अगदी खचलेला होता. खोलीत तीन पोरांबरोबर जमिनीवर गादी टाकून झोपतो, रात्ररात्र बसने गावोगाव जातो, आणि आता बाकावर बसून दुसऱ्याचा खेळ बघायचा. मला त्याचे हाल बघवत नाहीत गं.

मला त्याला सांगायचं होतं की बाळा, हे आता बंद कर. पण 'बंद' हा शब्द त्या पोराच्या बाबतीत माझ्या तोंडून निघेना. आपण दुकानदाराच्या मुली. अण्णा संध्याकाळी फळ्या लावायचे तेव्हा दुकान बंद केलं असं कधी म्हणाले का? दुकान वाढवलं म्हणायचे. आईची बांगडी फुटली तर ती वाढली. तसंच माझ्या तोंडून आलं. म्हटलं, अनीश, आता दुकान वाढव.

तो म्हणाला, ओके आजी. आवाज एकदम बदलला होता. ओझं उतरलं असणार. मी फोन ठेवला आणि देवापाशी जाऊन बसले.

विनयला सांगितलं, तर त्याने लगेच कॉलेजला ईमेल करून राहिलेल्या वर्षाची चौकशी केली. पोर आता कधीही घरी येईल. मी त्याची खोली झाडून ठेवली आहे. माझं चुकलं नाही ना गं?

तुमच्या दोघांच्या मायेचा आज मला आधार हवाय.

तुझी,
शैलजाताई


चँडलर,
२ सप्टेंबर २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी एक विचारते. अनीश घरी आला का? कारण तू खोली झाडून बसलीस आणि तो मात्र अजून अलाबामातच आहे, आणि काल आम्हाला फोन करून तासभर बोलला.

तू रागावशील, पण मला तरी बरं वाटलं. तो बाकावर बसला खरा, पण गप्प बसला नाही. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी मैदानावर जातो. डावीकडे कसं उभं राहायचं, उजवीकडून चेंडू कसा फेकायचा, हे शिकतोय. म्हणजे आता मधल्या जागेचा हट्ट नाही, तिन्ही जागा येतात. बॅटिंगही बदलली. पूर्वी सगळं एकाच बाजूला मारायचा, आता उलट्या बाजूला हळूच ढकलायला शिकलाय. एक मुलगा दुखावला तेव्हा याला डावीकडे उभं केलं आणि तेव्हापासून काढलेलं नाही. चंद्रशेखर म्हणतात, हे सगळं मी दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. तेव्हापासून घरात छाती पुढे काढून फिरतायत.

मी त्याला हळूच विचारलं, आजी काय म्हणते? तर म्हणाला, आजीच्या सांगण्यावरूनच तर चाललंय सगळं. आणि म्हणाला, चँडलरआजी, मी वाढवतोय. मला वाटलं वजन वाढवतोय. म्हटलं, वाढव हो, तूप खात जा. तो खूप हसला. मला काही कळलं नाही.

तेव्हा ताई, तुझं ऐकलं नाही म्हणून रुसू नकोस. तुझं मन राखायला बोलला असेल तसं. या वयात पोरं आपलंच खरं करतात, आणि आपणही लग्न ठरवताना कुणाचं ऐकलं होतं? मेहुण्यांचा फोटो अण्णांनी नाकारला होता, आठवतं ना.

तुझी माया अशीच राहो, आणि रुसवा आठवड्याच्या आत जावो.

तुझी,
सुमेधा


॥ श्री ॥
एडिसन,
२७ एप्रिल २०२५

चि. सौ. सुमेधा हिस,
अ. उ. आ.

गेले सात-आठ महिने मी तुझ्या लाडक्याशी जरा तुटकच वागले. सप्टेंबरात तुझं पत्र आलं तेव्हा मनाला लागलं होतं. विचारायचं आणि ऐकायचं नाही, तर मग विचारायचं कशाला. दिवाळीला आला तेव्हा चकल्या केल्या, पण खेळाचा विषय काढला नाही. आता तो ट्रिपल-ए मध्ये गेला, म्हणजे शेवटच्या पायरीवर उभा आहे, तेव्हाही मी अभिनंदन कोरडंच केलं. आणि काल मला काय कळलं ते वाच. बसून वाच.

त्याच्या क्लबच्या वेबसाइटवर त्याची मुलाखत आलीय. चारुताने मला दाखवली, खाली अक्षरं उमटतात म्हणून मला समजते. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, की गेल्या जुलैमध्ये तू संपल्यात जमा होतास, मग असं काय झालं? तर आपले चिरंजीव म्हणतात, माझी आजी दुकानदाराच्या घरातली आहे. मी तिला फोन केला. तिने एका वाक्यात सांगितलं, की तुझं दुकान मोठं कर. मग माझ्या लक्षात आलं, मी एकच माल घेऊन बसलो होतो. म्हणून मी डावीकडे शिकलो, उजवीकडे शिकलो, उलट्या बाजूला मारायला शिकलो. ती बाई डोळे पुसत होती गं. भारतीय आजीचं शहाणपण, असं त्या मुलाखतीचं नाव आहे.

एवढ्यावर थांबला नाही. टोपी काढून आतली बाजू कॅमेऱ्यासमोर धरली. मार्करने देवनागरीत लिहिलंय, 'वाडव'. ढ चा ड. म्हणजे अर्थ उलटा, आणि वर शुद्धलेखनही चुकलेलं, आणि हे सगळं माझ्या नावावर अमेरिकाभर दाखवतायत.

मी हसायला लागले ती थांबेचना. चारुता पाणी घेऊन धावत आली. तिला मी कारण सांगितलं नाही, विनयलाही नाही. आणि हसून झाल्यावर मग मला कसंतरीच व्हायला लागलं. सुमेधा, तो पोरगा माझ्या विश्वासावर उभा आहे, आणि मी तर विश्वास ठेवलाच नव्हता. मी त्याला घरी ये म्हणून सांगितलं होतं. वर सात-आठ महिने रुसून बसले, की त्याने माझं ऐकलं नाही. त्याच्याइतकं माझं आजवर कुणीच ऐकलेलं नाही.

आता मी काय करू? आपलं नसलेलं श्रेय मिरवणं मला जमत नाही, तुला माहीत आहे. पण आत्ता त्याला खरं सांगितलं आणि त्याचा पाय घसरला तर? लौकर कळव.

लोभ तर आहेच, सध्या मला लोभापेक्षा सल्ला पाठव.

तुझी,
शैलजाताई


चँडलर,
४ मे २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तोंडाला कुलूप लाव. हा माझा सल्ला.

पत्र वाचून आम्ही दोघं एवढे हसलो, की शेजारचा कबीर काय झालं म्हणून बघायला आला. त्याला समजावून सांगताना चंद्रशेखरना घाम फुटला. 'क्लोज' म्हणजे 'एक्स्पांड' हे इंग्रजीत सांगून बघ एकदा.

पण गंमत बाजूला. शिडीवर चढलेल्या माणसाला खालून हाका मारू नयेत. तो शेवटच्या पायरीवर आहे. वर जाऊ दे, मग सांग, नाहीतर सांगूच नकोस. आयुष्यभर तू लोकांच्या चुका सुधारल्यास, माझ्या लग्नपत्रिकेतल्यासुद्धा. एवढा एक 'ढ' सोड.

लोभ वाढावा असं लिहिणार होते, पण तुमच्या घरी त्याचा काय अर्थ घेतील त्याचा भरवसा नाही. तेव्हा आहे तेवढा राहू दे.

तुझी,
सुमेधा


॥ श्री ॥
एडिसन,
३ ऑगस्ट २०२५

चि. सौ. सुमेधा हिस,
अ. उ. आ.

घाईत लिहितेय. उजव्या कानाचं ऑपरेशन झालं. दुखत नाही, पण काही आठवडे विमानात पाऊल ठेवायचं नाही असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. आणि विनय म्हणतो, की मोठ्या संघातला डावीकडचा खेळाडू लंगडतोय, कधीही बोलावणं येईल. त्यांना तिथे असा मुलगा लागतो, जो तिन्ही जागी चालेल. देवाची चेष्टा बघ, नेमकी आत्ताच मला घरात बसवलीय.

मी अजून काही बोललेले नाही. कुलूप लावलंय, पण किल्ली तोंडातच आहे.

जिव्हाळा असू द्यावा, घाई माफ करावी.

तुझी,
शैलजाताई


चँडलर,
१३ ऑगस्ट २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

टीव्हीवर तू सगळं पाहिलंसच, पण टीव्हीवर आम्ही दिसलो नाही आणि खरा तमाशा आमच्याकडे होता. म्हणून लिहिते.

सोमवारी संध्याकाळी चारुताचा फोन आला. नुसती रडत होती, मला वाटलं तुझं काही झालं. मग विनयने फोन घेतला आणि म्हणाला, मावशी, बोलावलं, आणि उद्याचा सामना तुझ्याच गावात आहे. अगं, एवढी सगळी शहरं सोडून पोराला पहिला सामना फीनिक्समध्ये मिळावा. ते दोघं पहाटेच्या विमानाने आले. मी रात्रीच शिरा केला होता, त्याला कुणी हात लावला नाही. चंद्रशेखरनी एकट्यानेच संपवला.

मैदानाला छप्पर आहे आणि आत गार हवा सोडलेली असते. छत्रीची गरज नाही, आणि गर्दीही त्या वेळसारखी आम्ही आणि कुत्रा एवढीच नाही, चाळीस हजार माणसं बसतील एवढं ते. समोर मोठ्या पडद्यावर त्याचं नाव आलं. लोखंडे, अगदी स्वच्छ. पुकारणाऱ्याने 'लो-खं-डे' असं तीन तुकडे करून म्हटलं, पण बरोबर म्हटलं. विनय तेवढ्यावरच रडला. आपल्या बापाचं नाव त्याने एवढ्या मोठ्याने कधी ऐकलं नव्हतं, असं म्हणाला.

पहिल्यांदा बॅट घेऊन आला आणि तीन चेंडूंत परत गेला. दुसऱ्यांदा उंच मारला, तो झेलला गेला. चारुताने माझा हात एवढा घट्ट धरला होता, की अजून वळ आहेत. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी बघायचंच नाही असं ठरवलं. डोळे मिटून बसले होते आणि एक विचित्र आवाज आला, सुकं लाकूड मोडावं तसा. डोळे उघडले तर बॅटचे दोन तुकडे. एक त्याच्या हातात, एक मैदानात, आणि चेंडू सगळ्यांच्या डोक्यावरून जाऊन हिरवळीवर अलगद पडला. तो पळत सुटला आणि पहिल्या बेसवर जाऊन उभा राहिला. पहिला हिट, म्हणजे बाद न होता मारलेला पहिला फटका.

ताई, मी उठून उभी राहिले आणि ओरडले, वाढली, बॅट वाढली. चंद्रशेखर खुर्चीतून खाली घसरले हसता हसता. विनयला काहीच माहीत नाही, तो म्हणाला, मावशी, बॅट मोडली. मी म्हटलं, गप्प बस, शुभ बोल. पुढच्या रांगेतला एक लाल टोपीवाला म्हातारा मला म्हणाला, तुमच्या घरचा आहे का तो? मी म्हटलं, हो, आमचं दुकान आहे. त्याला काय कळलं देव जाणे, त्याने मला शेंगदाणे दिले.

नऊ डावांतल्या आठव्या डावात त्याने डावीकडच्या भिंतीवर आदळून एक चेंडू धरला तो तू पाहिलासच. मला तो आदळलेला आवाज आला आणि माझा जीव गेला. मग त्याने हातमोजा वर केला, चेंडू त्यात होता. समोरच्या संघाची माणसंसुद्धा टाळ्या वाजवत होती. सामना अनीशचा संघ हरला म्हणे. ते मला घरी आल्यावर कळलं.

नंतर त्याला पाच मिनिटं भेटलो. पहिल्या हिटचा चेंडू त्याने चारुताच्या हातात दिला. माझ्या पाया पडला, तिथे सगळ्यांसमोर, खिळ्यांचे बूट घालून. आणि पहिला प्रश्न काय, तर आजीने पाहिलं का. मी म्हटलं, पाहिलं. टोपी त्याच्या डोक्यावर होती. मला आतलं बघायचं होतं, पण धीर झाला नाही.

तू इथे नव्हतीस याचं वाईट वाटलं. तेवढं सोडलं तर या आनंदात काही कमी नव्हतं. तो आनंद आणि आमचा नमस्कार दोन्ही पोचला असं कळव.

तुझी,
सुमेधा


॥ श्री ॥
एडिसन,
२६ ऑगस्ट २०२५

चि. सौ. सुमेधा हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी सगळ्यांना वाचून दाखवलं, 'वाढली' सोडून. ओक ट्री रोडवर मिठाई घ्यायला गेले तर दुकानातली इशिता म्हणाली, मावशी, तुमच्या नातवाचा फोटो लावू का इथे. मी म्हटलं, लाव, पेढ्यांच्या वर लाव, जिलबीच्या नको, तेल उडतं.

आता तुला ठाऊक नसलेलं लिहिते. शुक्रवारी त्याला परत खाली पाठवलं. तो दुखावलेला खेळाडू बरा झाला. यात अपमान नाही, असंच असतं म्हणे. सप्टेंबरात प्रत्येक संघात दोन जागा जास्त होतात, तेव्हा पुन्हा बोलावतील असं विनय म्हणतो. पण बोलावतीलच असं कुणी लिहून देत नाही.

त्याने विमानतळावरून फोन केला. ऑपरेशननंतर त्याचा आवाज पहिल्यांदाच मला एवढा स्वच्छ ऐकू आला, श्वाससुद्धा. चिडलेला नव्हता, दमलेला होता. म्हणाला, आजी, दुकान तर वाढवलं, आता अजून किती वाढवू?

मग मला राहवेना. तुझा सल्ला मी मोडला. त्याला सगळं सांगितलं. अण्णा, फळ्या, आईची बांगडी, सगळं. म्हटलं, बाळा, मी तुला मोठं कर म्हणाले नव्हते. मी तुला बंद कर म्हणाले होते. मला वाटलं होतं तुझ्याच्याने व्हायचं नाही आता.

पलीकडे काहीच आवाज नाही. मला वाटलं कान पुन्हा गेला. मग तो हसायला लागला, खूप हसला. आणि मग शांतपणे म्हणाला, की त्या दिवशी त्याने सामान भरून गाडीत टाकलं होतं. मॅनेजरला सकाळी उत्तर द्यायचं होतं. आईबाबा काय म्हणतील ते त्याला ठाऊक होतं, म्हणून त्यांना विचारलं नाही. आजी खरं ते सांगेल, आणि ती जे सांगेल ते करायचं, असं ठरवून त्याने फोन लावला होता. आजी, तू बंद कर म्हणाली असतीस तर मी त्या रविवारी एडिसनला असतो, असं तो अगदी सहज म्हणाला.

सुमेधा, ओट्याला धरून मी खुर्चीत बसले. जन्मभर मी लोकांना स्पष्ट बोला म्हणून बजावत आले. एकदाच, त्या पोराच्या मायेपोटी, वाईट शब्द तोंडातून काढवला नाही. काढला असता, तर त्याने निमूटपणे ऐकलं असतं, आणि आपण सगळ्यांनी मिळून त्याला शहाणा म्हटलं असतं.

मी फोन ठेवत नव्हते आणि तोही ठेवत नव्हता. मागे विमानाची घोषणा चालली होती. मग त्याने विचारलं, आजी, आता नीट सांग. तुझं खरंच काय म्हणणं आहे? या वेळी मी अण्णांची भाषा वापरली नाही. ज्याचा दुसरा अर्थ कुठल्याही मराठी पोराला काढता येणार नाही असा शब्द शोधला. म्हटलं, खेळ. बोलावलं तरी खेळ, नाही बोलावलं तरी खेळ. डॉक्टरीणबाईंनी मला विमानाची परवानगी दिलीय, मी तिकीट काढायला सांगितलंय, जिथे असशील तिथे येते.

तिथे ऊन असेल तर छत्री लागेल. तुझी मोठी पाठवून दे, आणि जमलं तर सोबत तूही ये. लोभ काय, तो आता शेजारी बसून करू.

तुझी,
शैलजाताई